पराभवाची उमेदवारी

२ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले. रिपब्लिकन पक्षाचे वॉरन हार्डिंग प्रचंड मताधिक्याने निवडून आले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स कॉक्स पराभूत झाले. या दोघांच्या खालोखाल मते मिळवणारा तिसरा उमेदवार त्या दिवशी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथील तुरुंगात होता. कैदी क्रमांक ९६५३, शिक्षा दहा वर्षांची आणि वय पासष्टीला टेकलेले. त्याला स्वतःला मतदान करता येत नव्हते. निवडून येण्याची तर सुतराम शक्यता नव्हती. तरीही नऊ लाखांहून अधिक अमेरिकी मतदारांनी त्याला मत दिले.

या कैद्याचे नाव युजीन व्हिक्टर डेब्ज. समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांनी लढवलेली ही पाचवी अध्यक्षीय निवडणूक. त्याआधी १९००, १९०४, १९०८ आणि १९१२ असे चार वेळा ते उभे राहिले होते आणि चारही वेळा हरले होते. अमेरिकेत अध्यक्षाची निवड निर्वाचक मंडळ करते आणि बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याच्या पदरात त्या राज्याचे सर्व निर्वाचक पडतात. पाच निवडणुकांत मिळून डेब्ज यांना एकही निर्वाचक मिळाला नाही. लोकशाहीत जिथे जिथे मोठ्या पक्षांची मक्तेदारी असते, तिथे तिथे छोट्या पक्षांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. जिंकण्याची शक्यता नसताना राष्ट्रीय निवडणुकीत उतरायचे कशाला? या प्रश्नाला डेब्ज यांनी आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले. ते उत्तर पूर्णतः समाधानकारक आहे असे नाही, परंतु ते समजून घेण्याजोगे निश्चितच आहे.

डेब्ज यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजी इंडियाना राज्यातील टेरे हॉट या गावी झाला. आईवडील फ्रान्सच्या अल्सास प्रांतातून स्थलांतरित झालेले. वडिलांना साहित्याची मोठी ओढ. युजीन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो या दोन फ्रेंच लेखकांच्या नावांवरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. घरचा किराणा मालाचा व्यवसाय होता, परंतु वयाच्या चौदाव्या वर्षीच युजीनने शाळा सोडली आणि रेल्वेत नोकरी धरली. आरंभी इंजिनांवरचा जुना रंग खरवडून काढण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे तो इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला. अपघात नित्याचे असलेली ती नोकरी त्याने काही वर्षांत सोडली, पण रेल्वे कामगारांशी जडलेले नाते सोडले नाही. १८७५ मध्ये फायरमन लोकांच्या संघटनेची शाखा टेरे हॉटमध्ये निघाली, तेव्हा डेब्ज तिचे सभासद झाले. पुढे ते तिच्या मासिकाचे संपादक आणि राष्ट्रीय पातळीवरील पदाधिकारीही झाले.

या काळातील डेब्ज क्रांतिकारक वगैरे मुळीच नव्हते. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे निष्ठावान कार्यकर्ते होते. त्या पक्षातर्फे ते गावचे नगर-कारकून म्हणून दोनदा निवडून आले आणि १८८४ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळात गेले. म्हणजे निवडणूक जिंकणे त्यांना अपरिचित नव्हते. गावात लोकप्रियता होती, वक्तृत्व होते. प्रस्थापित पक्षात राहिले असते तर त्यांची राजकीय कारकीर्द सुखाने पार पडली असती. त्यांना त्या वाटेवरून दूर नेले ते १८९४ च्या उन्हाळ्याने.

रेल्वेतील फायरमन, ब्रेकमन, सिग्नलवाले, रूळ टाकणारे अशा प्रत्येकाची वेगळी संघटना असल्यामुळे कंपन्यांचे फावते, हे ओळखून डेब्ज यांनी १८९३ मध्ये सर्वांना एकत्र आणणारी अमेरिकन रेल्वे युनियन स्थापन केली. वर्षभरात तिची सभासदसंख्या दीड लाखाच्या घरात गेली. कृष्णवर्णीय कामगारांनाही तिचे दरवाजे खुले असावेत असा डेब्ज यांचा आग्रह होता, मात्र १८९४ च्या अधिवेशनात तो ११२ विरुद्ध १०० मतांनी फेटाळला गेला. संघटनेच्या इतिहासावरचा हा डाग त्यांना कायम सलत राहिला.

त्याच वर्षी शिकागोजवळच्या पुलमन या गावात ठिणगी पडली. रेल्वेचे आलिशान शयनयान डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांच्या मालकीचे हे गाव. कारखाना त्यांचा, घरे त्यांची, दुकानेही त्यांचीच. १८९३ च्या मंदीनंतर त्यांनी मजुरी सुमारे एक चतुर्थांशाने कापली, घरभाडे मात्र एक पैसाही कमी केले नाही. कामगार संपावर गेले आणि जूनअखेर डेब्ज यांच्या युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवण्यावर बहिष्कार टाकला. शिकागोपासून पश्चिमेकडची रेल्वे वाहतूक ठप्प झाली. तेव्हा केंद्र सरकारने टपाल वाहतुकीत अडथळा येत असल्याचे कारण पुढे केले, न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळवला आणि इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरचा विरोध डावलून लष्कर पाठवले. संप मोडला, युनियन मोडली आणि न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल डेब्ज सहा महिने वुडस्टॉकच्या तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयानेही १८९५ मध्ये एकमताने सरकारची बाजू उचलून धरली.

लष्कर पाठवणारे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड हे डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. डेब्ज यांनी स्वतः ज्या पक्षाचा प्रचार केला, त्याच पक्षाच्या सरकारने त्यांची युनियन चिरडली होती. कारखान्याच्या दारात कामगार कितीही एकजुटीने उभे राहिले, तरी न्यायालय आणि लष्कर यांची सूत्रे ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे ती एकजूट टिकत नाही. ही सूत्रे वॉशिंग्टनमध्ये हलतात आणि तिथे पोहोचण्याचा मार्ग मतपेटीतून जातो, असा धडा त्यांनी घेतला. तुरुंगात त्यांनी समाजवादी विचारांचे वाचन केले. मिलवॉकीचे समाजवादी नेते व्हिक्टर बर्गर यांनी कार्ल मार्क्सचा ग्रंथ त्यांना तिथेच आणून दिला.

मात्र अजून एक धडा शिल्लक होता. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभा राहिलेला पीपल्स पार्टी हा पक्ष त्या काळी जोमात होता. १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने या पक्षाची चांदीच्या चलनाची मागणी उचलली आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उमेदवारी दिली. मते फुटू नयेत म्हणून पीपल्स पार्टीनेही ब्रायन यांनाच आपले उमेदवार केले. डेब्ज यांनीही त्यांचा प्रचार केला. ब्रायन हरले. डेमोक्रॅटिक पक्ष त्या पराभवातून सावरला, पण पीपल्स पार्टी पुन्हा उभी राहू शकली नाही. ज्याचा स्वतंत्र उमेदवार नाही त्या पक्षाकडे मतदाराने वळण्याचे कारणच उरले नाही. मोठ्या पक्षाच्या वळचणीला गेलेला छोटा पक्ष आपली एखादी मागणी टिकवतो, पण अस्तित्व गमावून बसतो, ही गोष्ट डेब्ज यांच्या मनावर कोरली गेली. १८९७ मध्ये त्यांनी आपण समाजवादी असल्याचे जाहीर केले. १९०० मध्ये काहीशा अनिच्छेनेच त्यांनी अध्यक्षपदाची पहिली उमेदवारी स्वीकारली. मते मिळाली जेमतेम ८८ हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, निरनिराळे गट एकत्र येऊन अमेरिकेचा समाजवादी पक्ष स्थापन झाला आणि १९०४ मध्ये डेब्ज यांची मते चार लाखांवर गेली. पक्षाला निवडणुकीचे मोल कळू लागले. त्या काळातील अमेरिकी समाजवादी पक्ष म्हणजे जर्मन कारागीर, न्यूयॉर्कचे ज्यू शिंपी, ओक्लाहोमाचे कुळवाडी शेतकरी, पश्चिमेकडचे खाणकामगार आणि काही ध्येयवादी धर्मोपदेशक यांची मोट होती. त्यांची भाषा वेगळी, गाऱ्हाणी वेगळी. वर्षभर हे लोक आपापल्या गावात, आपापल्या वादात मग्न असत. चार वर्षांतून एकदा मात्र सर्वांचा उमेदवार एक असे आणि तेवढ्या काळापुरता हा पक्ष खरोखर राष्ट्रीय होई.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील राज्ये सरकारी छापील मतपत्रिका वापरू लागली होती. त्यापूर्वी पक्ष आपापल्या मतपत्रिका छापून वाटत. सरकारी मतपत्रिका आल्यावर तिच्यावर कोणाचे नाव छापायचे हे सरकार ठरवू लागले. अनेक राज्यांत त्यासाठी आधीच्या निवडणुकीत ठराविक मते मिळवलेली असणे किंवा हजारो सह्यांचा अर्ज देणे आवश्यक झाले. आपल्याकडे मतांच्या टक्केवारीवर पक्षाची मान्यता आणि निवडणूक चिन्ह अवलंबून असते, तसाच हा प्रकार. लोकप्रिय अध्यक्षीय उमेदवार मतपत्रिकेच्या शिरोभागी असला की त्याच्याखालच्या स्थानिक उमेदवारांनाही मते मिळत आणि पुढच्या वेळची जागा शाबूत राही. डेब्ज हरत होते, पण त्यांच्या नावाच्या आधाराने पक्षाचे नगरसेवक, महापौर आणि विधिमंडळ सदस्य निवडून येण्यास मदत होत होती.

तिसरे कारण सभांना येणाऱ्या गर्दीत दिसत असे. एरवी राजकारणाकडे पाठ फिरवणारा माणूसही अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवसांत सभेला जाऊन उभा राहतो. १९०८ मध्ये समाजवादी पक्षाने या संधीचा पुरेपूर लाभ घेतला. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून एक रेल्वेगाडीच भाड्याने घेतली. तिचे नाव 'रेड स्पेशल'. डब्यांत पुस्तिकांचे गठ्ठे, सोबत बँडपथक आणि गाडीच्या मागच्या सज्जावर उभे राहून बोलणारे उंच, सडपातळ, टक्कल पडलेले डेब्ज. लहानमोठ्या स्थानकांवर गाडी थांबे. सुमारे दोन महिन्यांत या गाडीने ३३ राज्ये पालथी घातली. बोलताना ते पुढे झुकत, लांब बोटे श्रोत्यांकडे रोखत आणि समोरच्या प्रत्येकाला ते आपल्याशीच बोलत आहेत असे वाटे. त्यांच्या सभांना अनेकदा तिकीट असे आणि लोक ते काढून येत. इतका पैसा समाजवाद्यांकडे आला कोठून, अशी शंका घेत या गाडीमागे रिपब्लिकन पक्षाचा पैसा असल्याचा आरोप कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांनी केला. तेव्हा पक्षाने देणगीदारांची यादीच छापली. एवढे करूनही मते चार लाख वीस हजारांच्या आसपासच राहिली. गाड्या धावतात, सभा गर्दीने फुलतात आणि मतदानाच्या दिवशी माणूस जिंकू शकणाऱ्यालाच मत देतो, हा अनुभव डेब्ज यांनाही आला.

गॉम्पर्स यांच्या विरोधामागे एक निश्चित भूमिका होती. कामगारांनी स्वतंत्र पक्ष काढण्याच्या भानगडीत पडू नये, दोन मोठ्या पक्षांतील मित्रांना मते द्यावीत आणि शत्रूंना पाडावे, हे त्यांचे धोरण. दुसऱ्या टोकाला बिल हेवूड यांच्यासारखे जहाल कामगार नेते होते. खरी लढाई कारखान्यात असताना मतपेटीचे एवढे स्तोम कशाला, अशी त्यांची भावना. डेब्ज या दोहोंच्या मध्ये उभे होते. मत वाया जाते या युक्तिवादावर त्यांचे उत्तर साधे होते. नको असलेली गोष्ट मत देऊन पदरात पाडून घेण्यापेक्षा हवी असलेली गोष्ट मागत हरणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटे. त्यांच्या दृष्टीने मतमोजणी ही जनगणनेसारखी होती. देशात आपल्या विचाराची माणसे किती आणि कोठे आहेत, हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता.

१९१० पासून या कष्टांना फळ येऊ लागले. मिलवॉकीत एमिल सायडेल महापौर झाले आणि त्याच शहरातून व्हिक्टर बर्गर प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. अमेरिकी काँग्रेसमधील ते पहिले समाजवादी सदस्य. बर्गर यांनी १९११ मध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन देणारे विधेयक मांडले, ते अर्थातच बारगळले. १९१२ पर्यंत पक्षाचे नोंदलेले सभासद एक लाखाच्या वर गेले होते, देशभरात एक हजाराहून अधिक समाजवादी लहानमोठ्या पदांवर निवडून आले होते आणि कॅन्ससमधील गिरार्ड या छोट्या गावातून निघणारे 'अपील टू रीझन' हे साप्ताहिक लाखोंच्या संख्येने खपत होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत डेब्ज यांना नऊ लाख मते, म्हणजे एकूण मतांच्या सहा टक्के मते मिळाली. नेवाडा आणि ओक्लाहोमा या राज्यांत तर हे प्रमाण सोळा टक्क्यांच्या वर गेले.

त्याच निवडणुकीत पुढची अडचणही दिसू लागली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे रिंगणात उतरले होते. स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीवर बंदी, कामगारांसाठी सामाजिक विमा अशा ज्या मागण्या समाजवादी कितीतरी वर्षे करत होते, त्यांतील बऱ्याच त्यांच्या जाहीरनाम्यात आल्या. त्यांच्या अनुयायांनी लाल रुमालही मिरवले. निवडून आलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन यांनीही पुढे काही सुधारणा केल्या. १९१६ मध्ये रेल्वे कामगारांना आठ तासांचा कामाचा दिवस मिळाला, तो डेब्ज यांच्या हयातीत आणि त्यांच्याच जुन्या व्यवसायात. छोट्या पक्षाची मागणी मोठ्या पक्षाने उचलली की मागणीचा विजय होतो आणि छोट्या पक्षाचा मतदार घरी परत जातो. १९१६ मध्ये डेब्ज यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी नाकारली, तेव्हा पक्षाचे उमेदवार ॲलन बेन्सन यांची मते सहा लाखांच्याही खाली आली.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. समाजवादी पक्षाने युद्धाला विरोध केला. हेरगिरीविरोधी कायद्याखाली धरपकड सुरू झाली. १६ जून १९१८ रोजी ओहायोतील कँटन येथे डेब्ज यांनी युद्धविरोधी भाषण केले. सभेपूर्वी ते जवळच्या तुरुंगात असलेल्या तीन सहकाऱ्यांना भेटून आले होते, त्यामुळे परिणामांची त्यांना पूर्ण कल्पना होती. खटल्यात त्यांनी बचावाचा एकही साक्षीदार बोलावला नाही आणि भाषण नाकारलेही नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. युद्ध तेव्हा चार महिन्यांपूर्वीच संपलेले होते. एप्रिलमध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, डेब्ज तुरुंगात गेले.

१९२० ची उमेदवारी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. पक्ष तोवर कम्युनिस्टांच्या फुटीने खिळखिळा झाला होता. उमेदवारीची औपचारिक सूचना देण्यासाठी पक्षाचे शिष्टमंडळ तुरुंगात गेले. आठवड्याला पाचशे शब्दांचे एक निवेदन वृत्तसंस्थांना देण्याची मुभा त्यांना मिळाली होती. रेड स्पेशलमधून लाखोंपुढे बोललेल्या माणसाचा सगळा प्रचार तेवढाच. मते नऊ लाखांच्या वर गेली, १९१२ पेक्षा थोडी अधिकच. मात्र स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाल्याने एकूण मतदान खूप वाढले होते आणि टक्केवारी सहावरून साडेतीनच्या खाली उतरली होती. आकडा मोठा दिसत असला तरी पक्ष आक्रसत चालला होता. तरीही ही मते निष्फळ म्हणता येणार नाहीत. एका भाषणासाठी एका वृद्ध माणसाला दहा वर्षे डांबून ठेवण्याबद्दल लाखो नागरिकांना काय वाटते, हे त्यांनी अधिकृतपणे नोंदवले. विल्सन यांनी अखेरपर्यंत सुटकेस नकार दिला. हार्डिंग यांनी मात्र शिक्षा कमी करून १९२१ च्या नाताळच्या दिवशी डेब्ज यांना मुक्त केले आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसमध्ये त्यांची भेट घेतली. तुरुंगातून बाहेर पडताना आतल्या कैद्यांनी त्यांचा जयजयकार केला.

प्रकृती मात्र खचली होती. १९२४ मध्ये समाजवादी पक्षाने स्वतंत्र उमेदवार न देता रॉबर्ट ला फॉलेट यांना पाठिंबा दिला आणि डेब्जही त्यास राजी झाले. ला फॉलेट यांना साडेसोळा टक्के मते मिळाली, परंतु निवडणूक संपताच ती आघाडी विरली. १८९६ ची पुनरावृत्तीच म्हणायची. २० ऑक्टोबर १९२६ रोजी इलिनॉयमधील एल्महर्स्ट येथील आरोग्यधामात डेब्ज यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर नॉर्मन थॉमस यांनी १९२८ ते १९४८ या काळात सहा वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. डेब्ज यांचा नऊ लाखांचा टप्पा पक्षाला पुन्हा कधी गाठता आला नाही.

या हिशेबात जमेच्या बाजूला काय मांडायचे? १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा आला आणि वृद्धांना निवृत्तिवेतन मिळाले. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि बालमजुरीवरील निर्बंध देशाला दिले. या सुधारणांचे श्रेय एकट्या समाजवादी पक्षाचे नव्हे. महामंदी, कामगार संघटना, स्त्रियांच्या चळवळी आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे राजकारण या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु या मागण्या प्रथम वेडगळ, मग अतिरेकी आणि अखेरीस चर्चेस योग्य वाटू लागल्या, त्या प्रवासात डेब्ज यांच्या पाच पराभवांचे मोल मोठे आहे. खर्चाच्या बाजूला विखुरलेला पक्ष, तुरुंगवास आणि मते खाण्याचा आरोप आहे. हा आरोप सदैव पोकळच असतो असे नाही. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांनी अध्यक्षपदाचा निकाल लागला, तेव्हा त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते होती.

आज डेब्ज यांचा वारसा सांगणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरलेला दिसतो. १९७९ मध्ये डेब्ज यांच्यावर माहितीपट तयार करणारे बर्नी सँडर्स २०१६ आणि २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेल्या झोहरान ममदानी यांनी विजयाच्या भाषणाच्या आरंभीच डेब्ज यांचे स्मरण केले, पण तेही डेमोक्रॅटिक पक्षाचेच उमेदवार होते. मोठ्या पक्षाच्या घरात शिरून त्याला वळवायचे, हा तो मार्ग. १८९६ नंतर डेब्ज यांनी तो नाकारला होता. दोहोंपैकी कोणता बरोबर, याचा निवाडा इतिहासाने अद्याप दिलेला नाही. टेरे हॉटमधील डेब्ज यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. ज्या गावाने तरुणपणी त्यांना निवडून दिले, त्या गावाने आज त्यांची आठवण जपली आहे ती पुढे वाट्याला आलेल्या पराभवांमुळे.